त्यांच्या पायांकडं बघताना

सकाळी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा मला वाटलं, मांजरानं उंदीर आणला असेल. ठिपके मागच्या दारापासून निघाले होते आणि स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत गेले होते. देवघरात माझे मिस्टर पाटावर बसून पूजा करत होते. नुकतीच अंगणातली जास्वंद तोडून आणली होती त्यांनी.

"अहो, पाय दाखवा बरं."

"पूजा चाललीय, दिसत न्हाई का?"

"आधी पाय दाखवा."

त्यांनी कुरकुरत पाय पुढं केला. उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या खाली, बाभळीचा काटा रुतला होता. बाहेर फक्त त्याचं बूड दिसत होतं. चालताना तो आणखी आत गेला असणार. मी चिमट्यात धरून ओढला, तेव्हाही त्यांनी ओठ आवळले नाहीत की पाय झटकला नाही. वाकून काट्याकडं बघत राहिले.

"कधी लागला?"

"मला कळलंच न्हाई," ते म्हणाले.

तेव्हापासून मला जी धास्ती लागली ती अजून गेलेली नाही.

हे कळंब तालुक्यातल्या एका हायस्कुलात खेळाचे शिक्षक होते. पोरं त्यांना ड्रिलचे सर म्हणायची. कबड्डी, खो-खो, सूर्यनमस्कार, सगळं स्वतः करून दाखवायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. दोघंही निवृत्त होऊन धाराशिवात, गावाच्या कडेच्या एका कॉलनीत राहायला आलो. निवृत्त झाल्यावर त्यांच्या गळ्यातली शिट्टी उतरली आणि तिच्याबरोबर पळणंही गेलं. पेपर, टीव्ही, दुपारची झोप. साखर होतीच. गोळ्या आठवण झाली की घ्यायचे.

साखर काय करते ते आमच्या घरानं पाहिलेलं होतं. माझ्या मोठ्या दिरांच्या पायाच्या बोटाला साधी चप्पल चावली होती. जखम भरेना. आधी बोट गेलं, मग गुडघ्याखालचा पाय. त्यानंतर ते गावात ओसरीवर बाजेवर बसून असत. कुणी आलं की कमरेखाली टॉवेल ओढून घेत, आणि बोलताना समोरच्याची नजर कुठं जातेय तेवढंच बघत. मी त्यांना चहा द्यायला जायची तर कप ठेवून लगेच आत वळायची. काटा निघाल्यावर मला ती बाजच दिसत होती. फक्त तिच्यावर बसलेला माणूस वेगळा होता.

डॉक्टरांनी जखम धुतली आणि पायाला टाचणीसारखं काहीतरी टोचत विचारलं, "कळतंय?" हे डोळे मिटून "हो" म्हणत होते. टोचणं थांबल्यावरही दोनदा "हो" म्हणाले. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "पायाच्या नसा मंद झाल्यात. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. रोज चालणं पाहिजे, पण बूट घालून. जेवण आवरा. आणि तळपाय रोज बघायचे."

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "लई घाबरवतात हे लोक."

मी मात्र घाबरले होते, आणि घाबरलेल्या बाईच्या हातात स्वयंपाकघर असलं की काय होतं ते त्यांना पुढचे काही महिने भोगावं लागलं. भात बंद केला. साखरेचा डबा कपाटात, साड्यांच्या मागं गेला. आमच्याकडं खव्याचा गुलाबजाम म्हणजे पाहुणचाराची कमाल. कुठल्याही समारंभात तो पानात यायचाच. मी शेजारी बसून त्यांच्या पानातला उचलून घ्यायची. चार माणसांत ते काही बोलायचे नाहीत, पण घरी येईपर्यंत तोंड फुगलेलं असायचं.

खरी अडचण चहाची होती. धाराशिवात बसस्टँडपासून कोर्टापर्यंत कुठंही जा, त्यांचा एखादा विद्यार्थी भेटायचाच. कुणी वकील, कुणी कंडक्टर, कुणी बियाण्याच्या दुकानात. रस्त्यातच पाया पडायचे आणि म्हणायचे, "सर, चहा घेतल्याशिवाय सोडत न्हाय." आणि टपरीवरचा चहा म्हणजे पाकच. मी म्हणायची, "सांगा की साखर आहे म्हणून."

"पोरांना कसं सांगायचं? मी त्यांना पळवलंय ग्राउंडवर."

म्हणून मी त्यांच्याबरोबर बाहेर जायला लागले. बाजारात, बँकेत, लग्नात. कुणी चहाचं नाव काढलं की मीच सांगायची, "सरांना बिनसाखरेचा." ते दुसरीकडं बघायचे. सकाळी ते हातलाईच्या डोंगराकडं फिरायला जायचे. मी जायची नाही. घरातली कामं उरकताना होतो तेवढा व्यायाम मला पुरे, असं मी सगळ्यांना सांगायची आणि मला ते खरंच वाटायचं. ते येईपर्यंत मी गॅलरीत उभी. जरा उशीर झाला की फाटकापर्यंत जाऊन बघायची. आले की मी आधी बूट काढायला लावायची, मग तळपाय बघायची, मग पाणी द्यायची.

या सगळ्यात मी काय खात होते हे मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. त्यांच्यासाठी मोड आलेली मटकी, अंडं, ताक, भाजी. ते जेवून उठले की मी ओट्याशी उभ्यानंच भाकरीचा चतकोर आणि शेंगदाण्याची चटणी खायची. दूध तर बंदच केलं, कारण त्यांच्यासमोर साखर घातलेलं दूध कसं प्यायचं, आणि बिनसाखरेचं मला आवडत नाही. ब्लाउज सैल झाले. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "काकू, किती छान बारीक झालात! काय करता हो?" मला बरं वाटायचं. पाठ दुखायची. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागायचा, नंतर हात टेकून गुडघ्यावर यावं लागायचं, मग कशाला तरी धरावं लागायचं. वयच आहे, म्हणायची. वयाच्या नावावर किती काय खपतं!

त्या वर्षी चैत्रातली यात्रा ओसरल्यावर आम्ही येरमाळ्याला गेलो. येडेश्वरी त्यांच्या घराण्याची देवी. गर्दीत नको म्हणून यात्रेनंतर जायचं मीच ठरवलं होतं. पिशवीत नारळ, ओटीचं सामान आणि त्यांच्यासाठी जाड सुती मोजे. पायऱ्यांपाशी चपला काढल्या तेव्हा मी मोजे पुढं केले.

"देवीच्या दारात मोजे घालून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. घाला तुम्ही."

त्यांनी घातले. वरपर्यंत नीट गेलो, दर्शन झालं, ओटी भरली. पण देवळात कुणीतरी ओळखीचं भेटलं, आणि मी ओटी भरत असताना यांनी मोजे काढून खिशात घातले. आम्ही उतरायला लागलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. माझ्या पायांना चटके बसायला लागले आणि मी त्यांच्या पायांकडं पाहिलं. ते अनवाणी, आरामात, ओळखीच्या माणसाशी बोलत उतरत होते. जणू पायाखाली सतरंजी होती.

"अहो, मोजे!" मी ओरडले. "दगड तापलेत!"

ते वळून माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्या तळपायांकडं बघत खाली पाऊल टाकलं, आणि तिथं पायरी नव्हती. म्हणजे होती, पण मला वाटली त्यापेक्षा खाली होती.

पडताना मी डावा हात टेकला. हाडाचा आवाज मला आला. त्यानंतर जे झालं ते पडण्याहून वाईट होतं. दुखत असूनही मी उठायला बघत होते आणि मला उठताच येईना. पाय जागेवर होते, त्यांना काही लागलेलं नव्हतं, पण त्यांच्यात जोरच नव्हता. दोन बायकांनी काखेत हात घातले तरी मी ओल्या पोत्यासारखी खाली घसरत होते. शेवटी यांनी मागून धरून उचललं. त्यांच्या हातांत अजून ताकद होती. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत म्हणत होते, "आधी मोजे घाला, आधी मोजे घाला."

धाराशिवला दवाखान्यात पोचेपर्यंत मनगट सुजून वांग्याएवढं झालं होतं. आणि त्यांच्या टाचेला भाजल्याचा फोड आला होता, तो मी खुर्चीत बसल्याबसल्या दाखवला. हाडांचे डॉक्टर तरुण होते. फोडाला मलम लावायला सांगून ते माझ्याकडं वळले.

"बाई, तुम्ही दिवसभरात काय खाता?"

मी ह्यांच्याबद्दल सांगायला सुरुवात केली. सकाळी मटकी देते, अंडं देते...

"तुमचं विचारतोय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

"बरं, हात न टेकता खुर्चीतून उठा."

मी पुढं झुकले, जोर लावला, आणि परत मागं बसले. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच थांबवलं. माझे मिस्टर, ज्यांनी आयुष्यभर पोरांना उठा-बशा काढायला लावल्या, ते माझ्या गुडघ्यांकडं बघत होते. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांनी माझ्याकडं असं कधी पाहिल्याचं आठवत नाही.

पुढं तपासण्या झाल्या. हाडं पोकळ झाली होती. स्नायूही झडले होते. "वजन कमी झालं म्हणून खूश होऊ नका," डॉक्टर म्हणाले, "जायला नको होतं तेच गेलंय. आज मनगट मोडलं. पुढच्या वेळी खुबा मोडला तर अंथरूण धराल."

अंथरूण! मला वाटत होतं आमच्या घरात बाज येईल ती त्यांच्यासाठी. माझ्यासाठी येईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

प्लास्टर असताना मुलगी पुण्याहून येऊन राहिली. तिनं स्वयंपाक केला, माझी वेणी घातली, आणि जायच्या आदल्या दिवशी दोघांना समोर बसवून म्हणाली, "आता इथं एकटं राहायचं नाही. चला माझ्याकडं. एकाचे पाय बधिर, एकीची हाडं ठिसूळ. रात्री-बेरात्री काही झालं तर?"

"बघू," हे म्हणाले.

"बघू नाही, बाबा. मला झोप लागत नाही तिकडं."

तिचा दोष नव्हता. माझी काळजी तिच्याकडं गेली होती, एवढंच. पण सातव्या मजल्यावरच्या तिच्या घरात दिवसभर दार लावून बसायचं, या कल्पनेनं माझा जीव घुसमटला. हे शेवटी म्हणाले, "दसऱ्यापर्यंत मुदत दे. तोवर तुझी आई हात न टेकता उठली न्हाई, तर आम्ही येतो." मला न विचारताच त्यांनी माझ्या नावावर पैज लावली होती.

प्लास्टर निघालं आणि आमच्या हॉलमध्ये ड्रिलचा तास सुरू झाला. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा, म्हणजे बैठक उंच. उठायचं, सावकाश बसायचं. धपकन बसलेलं चालायचं नाही. जमायला लागलं की एक उशी कमी. मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पाण्यानं भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली.

"गुडघे बाहेर! पाठ सरळ! श्वास सोड, श्वास!"

"ओरडू नका. मी तुमची आठवीतली पोरगी न्हाई."

"आठवीतल्या पोरी बऱ्या होत्या. तोंड चालवत नव्हत्या."

एकदा मी रागानं बाटल्या आपटून आत निघून गेले. मांड्या आगीसारख्या जळत होत्या आणि मनगटात कळ येत होती. मला वाटलं, हे असंच परत काहीतरी मोडून घेणार मी. थोड्या वेळानं बाहेर डोकावले तर ते एकटेच ओट्यापाशी उभे होते. दुसऱ्या दिवशी मला एका पायावर उभं राहायला शिकवायचं होतं, त्याची तयारी चालली होती. त्यांनी एक पाय उचलला आणि लगेच तोल गेला. ओटा धरला. पुन्हा उचलला, पुन्हा गेला. खो-खोत उडी मारत खांबाला शिवणारा हा माणूस, आणि त्याला क्षणभर एका पायावर उभं राहता येत नव्हतं. खालचा पाय जमिनीवर कसा टेकलाय तेच त्यांना कळत नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं.

"कधीपासून असं होतंय?" मी विचारलं.

"बरेच दिवस झाले." मग म्हणाले, "अंघोळीला भिंत धरून उभा राहतो. तुला सांगितलं असतं तर तू बाथरूममध्येपण येऊन उभी राहिली असतीस."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. ते खरंच होतं. मी राहिले असते. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ओट्याची एकेक कड धरली आणि एकेक पाय उचलला. शेजारीण दारातून बघून गेली. तिला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

जेवणाचं त्यांनी हातात घेतलं. दोघांची पानं एकदम वाढायची, दोघांनी खाली नव्हे तर टेबलाशी बसून खायचं, आणि ओट्याशी उभ्यानं खायला बंदी. माझ्या ताटात घट्ट वरण, दही, तिळाची चटणी, कधी हुलग्याचं शेंगोळं. दोन्ही ताटं सारखीच. अंडं मी आयुष्यभर करून घातलं, पण कधी खाल्लं नव्हतं. पहिल्यांदा खाताना नाक धरलं. त्यांनी दुसरीकडं तोंड फिरवून हसू दाबलं. त्यांच्या टाचेचा फोड भरायला महिन्याच्या वर गेला. तेवढे दिवस मी रोज पट्टी सोडताना श्वास रोखायची. कडा जरा लाल दिसली की दवाखाना. डॉक्टर कंटाळले असतील. आता ते स्वतःच छोटा आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात, पण मी पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पावसाळा संपता संपता खुर्चीवरची शेवटची उशी निघाली. मी हात छातीशी बांधून उठले, उभी राहिले, परत बसले आणि परत उठले. यांनी शिट्टी वाजवायला म्हणून तोंडात दोन बोटं घातली, पण हवाच निघाली. पुण्याला फोन केला. मुलगी म्हणाली, "व्हिडिओ पाठवा." विश्वास नव्हता तिचा. व्हिडिओ बघून ती म्हणाली, "पण बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घ्या." दांडे बसवले. पुण्याचं सध्या टळलंय. कायमचं टळलंय असं मी म्हणत नाही.

आणि लगेच नवरात्र आलं.

लग्न होऊन आल्यापासून मी नऊही दिवसांचे उपवास केले. बाळंतपणातसुद्धा फक्त एकच वर्ष चुकलं. आमच्या मुलखात देवीच्या नऊ दिवसांना बायका किती जपतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "नऊ दिवस साबुदाणा आणि बटाट्यावर राहणार असाल तर एवढ्या महिन्यांची मेहनत वाया." मग उठता-बसता करायचं ठरलं. घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी उपवास, मधले दिवस जेवायचं. ठरवणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात भाकरी आणि वरण वाढलं, समोर घटाचा दिवा दिसत होता, आणि माझा हात पुढं जाईना. देवीचा कोप झाला तर? ह्यांच्या पायालाच काही झालं तर? मी असल्या गोष्टी मानत नाही असं शाळेत पोरांना सांगत आले. पण भीतीला कुठं शिक्षण असतं?

"थांबू का मी पण?" यांनी विचारलं. त्यांच्या पुढं ताट तसंच होतं.

गोळी घेऊन उपाशी बसले तर त्यांना चक्कर येईल. मी घास मोडला. तो घशाखाली उतरेपर्यंत मी दिव्याकडं बघितलं नाही.

पुढचे दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. सगळ्यांत भीती होती माझ्या थोरल्या नणंदेची. त्या अणदूरला असतात. सोवळं, उपास, कुळाचार, सगळ्यांत कडक. सातव्या माळेला त्यांचा फोन आला. मी घाबरत उचलला.

"काय गं, उपास कसे चाललेत?"

खोटं बोलावं असं आलं मनात. मग म्हटलं, "अक्का, यंदा उठता-बसताच धरलेत. डॉक्टरांनी नको म्हटलं. हाडं..."

त्या रागावतील म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"अक्का?"

"ऐकायलेय." त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "म्या बी न्हाई धरले यंदा. घट बसायच्या आधी न्हाणीत बसले ती उठवंना मला. सुनेला हाक मारावी तर लाज वाटायली. लई वेळ तशीच बसले. घरात कुणाला ठाव न्हाई अजून." मग त्या म्हणाल्या, "ती खुर्चीवरनं उठायची कसरत तू करतीस म्हणून तुझी लेक सांगत व्हती, ती कशी असती? सांग की. सून बाहेर गेलीय तवर सांग."

मी त्यांना भिंतीला टेकवून खुर्ची ठेवायला सांगितली. वर दोन उशा ठेवा म्हटलं. फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग त्यांच्या धापा. "सावकाश, अक्का," मी म्हणत होते, "आधी पुढं झुका. घाई करू नका. पडाल." पलीकडं त्या उठल्या की नाही ते मला दिसत नव्हतं, आणि मी फोन कानाला दाबून धरून ऐकत उभी होते.